तापलं तेवढंच दिसलं

कासुर्डीत उष्णता शिकवायला शाळा काढावी लागत नाही. चैत्र लागला की दुपारी बारा ते चार शिवारात दोनच गोष्टी हलताना दिसतात: पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या गाड्या आणि गुऱ्हाळाच्या धुराड्यातला धूर. या रस्त्यावर पूर्वी टोलनाका होता. त्यामुळे गावात कधी पाऊल न टाकलेल्या माणसालाही कासुर्डीचं नाव पाठ आहे. गाडीची काच खाली करून सुट्टे पैसे चाचपडताना उन्हाचा जो झोत तोंडावर यायचा, तेवढीच अनेकांनी पाहिलेली कासुर्डी. पुढे यवत, मग चौफुला, पाटस, दौंड; झोत काही कमी होत नाही. अशा मुलखातल्या पोराला 'उष्णता बाहेर टाकणाऱ्या गोष्टींची उदाहरणं दे' म्हटलं, तर तो बसल्या जागेवरून दहा दाखवतो. चुलवाण, डांबर, पत्रा, मोटारसायकलची सीट आणि पेपर तपासून आलेले गणिताचे सर.

'उष्णता शोषून घेणाऱ्या गोष्टी सांग' म्हटलं की मात्र गप्प बसतो. फारच खोदलं तर म्हणतो, "फ्रिज."

तापणाऱ्याची दखल सगळे घेतात. गार होणाऱ्याची बाजू मांडायला कोणी नाही. म्हणून हा लेख.

दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागात तिसरा धडा रासायनिक अभिक्रियांचा आहे. २०१८ पासून हेच पुस्तक चालू आहे. त्यात उष्मादायी (उष्णता सोडणाऱ्या) आणि उष्माग्राही (उष्णता घेणाऱ्या) अशा दोन जाती सांगितल्या आहेत आणि त्या ओळखायला एक साधासरळ प्रयोग दिला आहे. प्लास्टिकच्या दोन बाटल्या घ्यायच्या, दोन्हींत १०० मिलिलिटर पाणी घ्यायचं, तापमान मोजायचं. एकीत पोटॅशियम नायट्रेट टाकायचं, दुसरीत सोडियम हायड्रॉक्साइड. हलवायचं. पुन्हा तापमान मोजायचं. पहिलीतलं पाणी गार होतं, दुसरीतलं गरम. प्लास्टिकची बाटली का, तर आतली उष्णता बाहेर जाऊ नये आणि बाहेरची आत येऊ नये म्हणून. विरघळण्याला अभिक्रिया म्हणावं की नुसती प्रक्रिया, यावर दोन विज्ञानशिक्षक एका चहात भांडू शकतात. तो वाद मी त्यांच्यावर सोडतो, चहाचे पैसेही.

कागदावर हा प्रयोग इतका सोपा आहे, की तो बिघडवायला शाळाच लागते.

पुढे ज्या प्रयोगशाळेचं वर्णन येणार आहे ती कुठल्याही एका शाळेची नाही. या पट्ट्यात जाता-येता पाहिलेल्या प्रयोगशाळांची ती गोळाबेरीज आहे, त्यामुळे कोणी अंगाला लावून घेऊ नये. या प्रयोगशाळेला कुलूप असतं. किल्ली मामांकडे असते आणि मामा बँकेत गेलेले असतात. दार उघडलं की आधी दिसतं ते गॅदरिंगचं सामान: पुठ्ठ्याचा रायगड, थर्माकोलचे ढग, एक सिंहासन. त्याच्या पलीकडे कपाटं. कपाटात फॉर्मॅलिनच्या बरणीतला एक बेडूक असतो. शाळेतल्या सर्वांत जुन्या शिक्षकांपेक्षाही त्याची सेवा जास्त झालेली असते. मग रसायनांच्या बाटल्या. सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या हवेतली ओल पिऊन एकमेकींना अशा चिकटलेल्या असतात, की त्यातून ५ ग्रॅम काढायचे म्हणजे पहारच हवी. पोटॅशियम नायट्रेटची बाटली सुबक असते, झाकण असतं, लेबल असतं, लेबलवर सुवाच्य अक्षरात नाव असतं. आत काही नसतं.

"सर, ह्यात कायच नाय."

"मागच्या बॅचनं संपवलं असेल."

मागच्या बॅचला विचारा, तेही हेच सांगतील. हे संपवणारी मूळ बॅच कोणती, याचा इतिहास कोणी लिहून ठेवलेला नाही.

समजा, कुठून तरी सगळं जमलं. आता थर्मामीटर. गावातल्या पोराने थर्मामीटर पाहिलेला असतो तो डॉक्टरांकडचा. तो वापरायची रीत त्याला माहीत असते: आधी झटकायचा, मग काखेत धरायचा, मग बाहेर काढून उजेडाकडे धरून वाचायचा. हे तिन्ही संस्कार तो प्रयोगशाळेच्या थर्मामीटरवर करायला जातो. पहिल्याच संस्कारात थर्मामीटर टेबलाच्या कडेला लागतो आणि शिल्लक साठा एकाने कमी होतो. जुन्या काळी अशा वेळी पाऱ्याचे चंदेरी मणी फरशीवर पळायचे आणि अख्खा वर्ग त्यांच्या मागे. पारा विषारी असतो हे तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं. अनेकांना दहावीच्या रसायनशास्त्रातले आज ते पळणारे मणीच आठवतात. आता लाल अल्कोहोलचे थर्मामीटर आले. ते फुटले तर नुसता डाग पडतो. विज्ञानाची गोडी कमी झाली ती तिथून.

खरी मेख तिसऱ्या संस्कारात आहे. तापाच्या पाऱ्याच्या थर्मामीटरची नळी फुग्याच्या वर बारीक चिमटलेली असते. त्यामुळे चढलेला पारा तिथे अडकून राहतो आणि काखेतून काढल्यावरही आकडा हलत नाही. म्हणून तर तो झटकावा लागतो. प्रयोगशाळेच्या थर्मामीटरला असा चिमटा नसतो. पाण्यातून बाहेर काढला की तो पाण्याला विसरतो आणि हवेचं तापमान सांगायला लागतो. पोरगा तो बाटलीतून उपसतो, खिडकीपाशी नेतो, एक डोळा मिटून वाचतो आणि सांगतो, "सर, तेवढंच हाय." बरोबरच आहे. खिडकीचं तापमान बदललेलं नसतं.

आता थोडा हिशेब. समजा दोन्ही बाटल्यांत ५-५ ग्रॅम टाकले. सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीचं तापमान साधारण १२ अंशांनी वर जातं. पोटॅशियम नायट्रेटच्या बाटलीचं जेमतेम ४ अंशांनी खाली येतं. वजन तेच, पाणी तेच, पण गार होणाऱ्याच्या वाट्याला एक तृतीयांश. १२ अंशांची वाढ लपवू म्हटलं तरी लपत नाही. बाटली हाताला लागते, वर्गात "पोळलं, पोळलं" असं होतं, मागच्या बाकावरचेही जागे होतात. ४ अंशांचं मात्र काहीही होऊ शकतं. दीड अंश थर्मामीटर तिरका वाचण्यात जातो. दीड अंश खिडकीपाशी जातो. उरलेला एक अंश बाटली मुठीत गच्च आवळून हलवणाऱ्या पोराच्या तळव्यात जिरतो, कारण शरीर ३७ अंशांचं आणि उत्साह त्याहून जास्त.

"गार झालं का रे?"

"न्हाई सर."

"हलव अजून."

"हलवलं सर. आता जरा गरमच लागतंय."

इथे प्रामाणिक निरीक्षण म्हणून 'पोटॅशियम नायट्रेट उष्मादायी आहे' असं लिहायला हवं. पण प्रॅक्टिकलच्या वहीत प्रामाणिकपणाला रकाना नसतो. वहीत आकडा येतो तो गेल्या वर्षीच्या वहीतून आणि तिच्यात तो आलेला असतो तिच्या गेल्या वर्षीच्या वहीतून. सुरुवातीचं तापमान २५ अंश, अखेरचं २१. कासुर्डीत भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत, नळाचं पाणी २५ अंश! वह्यांवर विश्वास ठेवायचा तर दौंड तालुक्यातली प्रत्येक प्रयोगशाळा महाबळेश्वरात भरते. विज्ञानाला प्रात्यक्षिकाचे २० गुण आहेत. ते या २५ आणि २१ च्या जोरावर पिढ्यानुपिढ्या मिळत आले आहेत.

बरं, तापमान मोजून झालं तरी ओळखण्यात आणखी एक खड्डा आहे आणि त्यात हुशार मुलं आधी पडतात. तोंडी परीक्षेत विचारलं, "मॅग्नेशियमची फीत जळणं कोणत्या प्रकारात येतं?" हुशार मुलगी विचार करून सांगते, "उष्माग्राही." का? "ती आधी दिव्यावर धरावी लागते ना सर. उष्णता दिल्याशिवाय पेटत नाही." तिचं बोलणं ऐकायला इतकं पटतं, की नव्या शिक्षकाचीही क्षणभर पंचाईत होते. पण दिव्यावर धरताना दिलेली चिमूटभर ऊब आणि नंतर मिळालेला डोळे दिपवणारा जाळ यांचा हिशेब केला, तर देणं घेण्यापेक्षा कैक पटींनी जास्त निघतं. सुरू करायला जे लागतं ते वेगळं, एकूण जे पडतं ते वेगळं. गुऱ्हाळावर जाळ घालणाऱ्या जळव्याला चुलवाणात पहिला चिपाडाचा पेंडा पेटवायला एक काडी लागते. पुढे दिवसभर काहील उकळते ती त्या काडीवर नव्हे. गुऱ्हाळमालकाला हे समजावून सांगावं लागत नाही. काडीपेटीचा खर्च त्याने वहीत कधी धरलेलाच नसतो.

उलट चुन्याची भट्टी घ्या. चुनखडी ९०० अंशांच्या आसपास तापवली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. इथे मात्र भट्टी सतत पेटती ठेवावी लागते. जाळ थांबला की काम थांबलं. ही अस्सल उष्माग्राही. आणि गंमत बघा, एवढ्या प्रचंड आगीतून जी वस्तू बनते तिची वर्गवारी पुस्तकात गार पाण्याच्या बाटलीशेजारी. पोरं इथे हमखास फसतात. भट्टीजवळ उभं राहवत नाही आणि सर म्हणतात उष्णता शोषली जाते आहे!

याच कळीच्या चुन्यावर पाणी घातलं की काय होतं ते दिवाळीच्या आधी घर सारवायच्या, रंगवायच्या काळात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलंय. पिंपात चुना, वरून पाणी, आणि मग फसफस, वाफ, आजीचा ओरडा: "लांब सर, डोळं जातील!" एक किलो चांगला कळीचा चुना विझताना जी उष्णता देतो, तिच्यात हिशेबाने साडेतीन लिटर पाणी उकळीला येईल. आजीला हा हिशेब माहीत नव्हता. डोळ्यांचा माहीत होता, आणि तो जास्त महत्त्वाचा होता.

पण थांबा. एवढी उष्णता आली कुठून? भट्टीतून. चुनखडीच्या एका मापाला (५६ ग्रॅम चुना मिळेल एवढं माप धरा) भट्टीत १७८ किलोज्यूल द्यावे लागतात. पाणी घातल्यावर त्यातले ६५ परत मिळतात. मग उरलेले ११३? ते भिंत देते. चुन्याचा हात भिंतीवर मारला की तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेत घेत पुन्हा चुनखडीचा होतो, आणि ते ११३ किलोज्यूल महिनोन्‌महिने, कोणाला न सांगता, खोलीत सोडत राहतो. ६५ आणि ११३ मिळून बरोबर १७८. हिशेब वाटेवर अवलंबून नसतो, सुरुवात आणि शेवट यांवर असतो, हा नियम सेंट पीटर्सबर्गच्या जर्मेन हेस यांनी १८४० मध्ये मांडला. गावातल्या पतसंस्थेचा ताळेबंद इतका नेमका जुळला, तर लेखापरीक्षक संशय घेतील.

आता त्या गप्प पोराकडे परत येऊ. त्याच्या डोक्यात नेमकं काय बसलेलं असतं, हे मी अनेकांना विचारून पाहिलंय. थोड्याफार फरकाने एकच उत्तर येतं: "अभिक्रिया झाली म्हंजी तापायलाच पायजे." गार झालं तर त्याला वाटतं काहीतरी चुकलं, रसायन शिळं आहे, पाणी बोअरचं आहे. आपोआप काही घडायचं तर त्यातून उष्णता बाहेर पडली पाहिजे; घेऊन कोण कशाला घडेल? त्याच्या या मताची टिंगल करण्याआधी एक गोष्ट सांगतो. हेच मत एकोणिसाव्या शतकात फ्रान्सच्या सर्वांत वजनदार रसायनशास्त्रज्ञाचं होतं.

मार्सेलँ बर्थेलो त्याचं नाव. उष्मादायी आणि उष्माग्राही या ज्या दोन जाती आपण घोकतो, त्यांची फ्रेंच नावं यानेच ठेवली. आणि नावं ठेवणाऱ्यानेच पुढे सिद्धांत मांडला, की रसायनं आपल्या मर्जीने त्याच दिशेने जातात जिथे जास्तीत जास्त उष्णता बाहेर पडते. आता पाण्यात पोटॅशियम नायट्रेट टाकलं तर ते कोणी न सांगता विरघळतं आणि पाणी गार होतं, हे बर्थेलोच्या बाटलीतही होत असणारच. पण त्याने अशा उदाहरणांना 'हे रासायनिक नाही, भौतिक आहे' वगैरे म्हणून बाजूला बसवलं. म्हणजे आपल्या चहावरच्या दोन विज्ञानशिक्षकांचा वाद तिथूनच चालत आला आहे.

१८८४ मध्ये पिएर ड्यूएम नावाच्या तेवीस वर्षांच्या पोराने पॅरिसमध्ये प्रबंध दिला. त्यात त्याने दाखवलं की सरांचं चुकलंय. उष्णता बाहेर पडते की आत जाते एवढ्यावर अभिक्रियेची दिशा ठरत नाही, कणांची पांगापांगही धरावी लागते. अमेरिकेत गिब्ज यांनी हे गणित आधीच मांडलेलं होतं. प्रबंध नाकारला गेला. बर्थेलो पुढे शिक्षणमंत्री झाले, नंतर परराष्ट्रमंत्रीही. ड्यूएमला पॅरिसमध्ये प्राध्यापकी जन्मात मिळाली नाही. लील, रेन असं करत १८९४ मध्ये त्याची पाठवणी बोर्डोला झाली आणि १९१६ मध्ये मरेपर्यंत तो बोर्डोलाच राहिला. बदलीचं राजकारण फक्त आपल्याकडेच चालतं असं समजणाऱ्या शिक्षकांनी हे कापून ठेवावं.

बोर्डो हे नाव वाचून आमच्याकडच्या डाळिंबवाल्यांचे कान टवकारले असतील. होय, तेच बोर्डो. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण द्राक्षावरच्या रोगाला चालतं, हे १८८५ मध्ये त्याच शहरातल्या मिलार्दे यांनी जगाला सांगितलं. आज दौंड, शिरूर, पुरंदरच्या बागांत 'बोर्डो मारला का?' हा प्रश्न जेवणाच्या आधी विचारला जातो. एक टक्क्याचं मिश्रण करायचं तर एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. चुना वेगळा विझवायचा आणि तो पूर्ण गार झाल्यावरच मोरचुदाच्या पाण्याशी गाठ घालायची. ही गार होण्याची वाट बघणं म्हणजे उष्मादायी अभिक्रियेचं आमच्या भागातलं सर्वांत मोठं प्रात्यक्षिक. दर हंगामात होतं, वही लिहावी लागत नाही, गुण बागेवर दिसतात.

आणि त्याच बागेत, त्याच माणसाच्या हातून, उष्माग्राहीचं प्रात्यक्षिकही होतं. फक्त त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. ठिबकमधून सोडायला बादलीत युरिया विरघळवताना हात घालून बघा. पाच लिटर पाण्यात एक किलो युरिया पडला की पाणी दहाएक अंशांनी उतरतं. भर उन्हात बादलीला बाहेरून घाम सुटतो. आमचा एक चुलता युरिया कालवताना मिनिटभर दोन्ही हात बादलीत ठेवून उभा राहायचा. लोक म्हणायचे आळशी आहे. तो कासुर्डी परिसरातला एकमेव माणूस होता ज्याने उष्माग्राहीला योग्य तो मान दिला. (हात नंतर स्वच्छ धुवावेत, आणि ते पाणी कोणी प्यायचं नाही. हे लिहावं लागतं.)

पण कळस पुढेच आहे. शाळेच्या कपाटातली ती रिकामी बाटली आठवते? तिच्यातलं पोटॅशियम नायट्रेट दुसऱ्या नावाने कोणत्याही कृषी सेवा केंद्रात पोत्याने मिळतं. शेतकरी त्याला 'तेरा-झिरो-पंचेचाळीस' म्हणतो. १३ टक्के नत्र, स्फुरद शून्य, ४५ टक्के पालाश. ज्या पोराला प्रयोगासाठी ५ ग्रॅम मिळत नाहीत, त्याच्या बापाच्या पाइपशेडमध्ये त्याचं पंचवीस किलोचं पोतं पडलेलं असतं. बाप दर आठवड्याला ते टाकीत कालवून ठिबकच्या व्हेंच्युरीतून सोडतो. ते थंड पाण्यात लवकर विरघळत नाही म्हणून कुरकुरतो. का विरघळत नाही? कारण विरघळताना ते स्वतःच पाणी गार करतं आणि गार पाण्यात त्याचं विरघळणं आणखी मंदावतं. संपूर्ण तिसरा धडा त्या टाकीत असतो. पण टाकीवर धड्याचा क्रमांक नसतो, म्हणून बाप शेतकरी राहतो, पोरगा परीक्षार्थी राहतो आणि दोघांची रसायनशास्त्रावर भेट होत नाही.

आपल्याकडे हे अगदीच अपरिचित होतं असंही नाही. पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा. बंदुकीच्या दारूतला. अकबराच्या पाणीखात्यात या सोऱ्यावर पाणी गार करायचे. 'आइन-ए-अकबरी'त अबुल फजलने प्रमाणही लिहून ठेवलंय. अडीच शेर सोरा पाच शेर पाण्यात मिसळायचा आणि शेरभर पिण्याच्या पाण्याची सुरई त्यात पाव तास फिरवत राहायची. जी वस्तू तोफेत भरली की किल्ला पाडते, तीच पाण्यात टाकली की बादशहाचं सरबत गार करते. पुढे लाहोरला मुक्काम हलला, डोंगरातून बर्फ येऊ लागला आणि सोऱ्याचं हे काम सुटलं. उष्माग्राहीची सरकारी नोकरी गेली ती तेव्हापासून.

शाळेपुरती एक पर्यायी वस्तू आहे: नवसागर. कल्हईवाला वापरायचा तो. पाण्यात टाकला की छान गार करतो, स्वस्तही असतो. पण आमच्या भागात शिक्षकाने दुकानात जाऊन "दोन किलो नवसागर द्या" म्हणणं अवघड आहे. हातभट्टीच्या छाप्याच्या बातमीत काळा गूळ, नवसागर आणि तुरटी ही तीन नावं नेहमी एकत्र येतात. दुकानदार आधी सरांकडे बघतो, मग सरांच्या पिशवीकडे बघतो आणि हळूच विचारतो, "गूळ घेतलाय का?" त्या दिवसानंतर सर तो प्रयोग फळ्यावर करतात.

घरातल्या बायकांचं ज्ञान या बाबतीत शाळेच्या पुढे आहे. कपड्याची पावडर ओल्या तळहातावर घेतली की चटका बसतो, हे त्यांना माहीत आहे. त्यातला सोडा पाणी पिताना तापतो. ग्लुकोजची पावडर कोरडी जिभेवर टाकली की गारेगार लागते, हेही माहीत आहे. ती विरघळताना जिभेची उष्णता घेते. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की फेस येतो आणि वाटी गार होते. फेसाकडे सगळे बघतात. वाटीला हात कोणी लावत नाही. उष्माग्राहीचं नशीब वाटीतही तेच.

सर्वांत मोठ्या उष्माग्राहीचं नाव तर मी अजून घेतलंच नाही, कारण ती कासुर्डीत इतकी पसरलेली आहे की दिसत नाही. ऊस. पान सूर्याची ऊर्जा घेतं, हवा आणि पाणी यांची साखर करतं, आणि वर्षभर घेतच राहतं. मग तो गुऱ्हाळावर येतो. रस काहिलीत जातो, चिपाड वाळवून चुलवाणात जातं, आणि वर्षभर घेतलेलं दिवसभरात परत मिळतं. गुळव्या उलथनं फिरवत पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो, बोटांत गोळी करून बघतो आणि काहील उतरवायला सांगतो. त्या क्षणी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो. त्याच्याजवळ थर्मामीटर नसतो आणि त्याचा आकडा गेल्या वर्षीच्या वहीतून आलेला नसतो. तोंडी परीक्षेत एखाद्या पोराने 'उष्माग्राहीचं उदाहरण' म्हणून नुसतं "ऊस" म्हटलं, तर परीक्षकांनी हसू नये, पूर्ण गुण द्यावेत.

राहता राहिला थर्मामीटर. दहावीच्या निरोप समारंभात प्रत्येक बॅच शाळेला काहीतरी भेट देते. बहुधा भिंतीवरचं घड्याळ देते, त्याच्या काचेवर 'सन अमुकच्या बॅचकडून सप्रेम भेट' असं ठळक लिहिलेलं असतं, आणि शाळेत सहा घड्याळं सहा वेगवेगळ्या वेळा दाखवतात. यंदाच्या बॅचला आणि तिच्या पालकांना हात जोडून विनंती आहे: घड्याळ देऊ नका. डझनभर थर्मामीटर द्या. त्यावर नाव छापायला जागा नसते, हे मला माहीत आहे, तरीही द्या. सोबत शेडमधलं किलोभर तेरा-झिरो-पंचेचाळीस एका बरणीत भरून द्या आणि बरणीवर दोन्ही नावं लिहा. आणि सरांना एवढंच सांगा, की वाचताना थर्मामीटर पाण्यातच राहू द्या, बाटली मुठीत धरू देऊ नका, आणि जो आकडा येईल तोच वहीत लिहून घ्या.